सोळावर आणखी एक पान

यशवंतपूर स्टेशनच्या वेटिंग रूममधल्या शांततेत डब्याचं झाकण खणकलं. मांडीवरच्या लेकीला, अक्षराला थोपटत दिव्यश्रीनं वळून पाहिलं. शेजारचं जोडपं जेवणाचा डबा बाजूला सारून ट्रंकेवर पत्ते मांडून बसलं होतं.

“पान टाकू नकोस धनू, ही रमी नव्हे. एकवीसच्या पुढं न जाता माझ्याहून जास्त व्हायला हवेत.”

“कळलं. मी जिंकले तर बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातली नोकरी धरणार. शब्द दिलाय हं तुम्ही.”

“दिलाय की. पण तुझे सोळा झालेत. स्वल्प थांब, बुडशील.”

“लग्न झाल्यापासून थांबलेच आहे. द्या पान.”

“पंजी! एकवीस झाले की गं!”

“आता तुमची उघडा.”

“एकोणीस. सरी, ठीक आहे बाई, जा नोकरीला.”

अक्षरानं आईची हनुवटी आपल्याकडे वळवली.

“आई, तुला बाबांकडून काय जिंकायचंय?”