हलकं काम

— हां, तीच घ्या, पण सांभाळून बसा ताई, तिचा एक पाय हलतो. खाली पुठ्ठ्याचा तुकडा पडलाय बघा, तो सरकवा पायाखाली, म्हणजे जरा कमी डुगडुगेल. चांगली खुर्ची या खोलीत एकच आहे आणि ती माझ्याखाली आहे, राग मानू नका, दोन वर्षं बसून कमावलीय मी ती. तुम्ही पॅकिंगमधल्या ना? ट्रॉली मनगटावर आली ती तुमच्याच? कळलं होतं मला. इथे बसून सगळं कळतं, आपल्याला कुणी काही विचारत नाही एवढंच. प्लास्टर कधी निघणार? — हं, म्हणजे डॉक्टरलाही माहीत नाही. मग बरेच दिवस काढायचेत असं धरून चाला. पाणी बाहेरच्या नळाचं आणायचं, आतल्याला गंजाची चव येते. आणि हा वास रंगाचा, पूर्वी इथे रंगाचे डबे ठेवायचे. डबे हलवले आणि आपल्याला ठेवलं.

काम सांगितलं का तुम्हाला? नाही? सांगणार कोण, लाज वाटते त्यांना सांगायला. ही बादली बघा, ही तुमची, ही माझी. यात स्क्रू, नट, वॉशर, सगळं एकात एक — शॉपमध्ये मशीनांखाली सांडतं ते झाडून यात टाकलंय. ते मूठ-मूठ ताटात घ्यायचं आणि निवडायचं, लांब स्क्रू या खोक्यात, आखूड त्या खोक्यात, नट इकडे, वॉशर तिकडे. झालं. याला म्हणतात हलकं काम. आणि खोकी भरली की कुठे जातात, वाटतं तुम्हाला? स्टोअरमध्ये? कुठेही जात नाहीत. संध्याकाळी सगळी खोकी परत बादलीत ओततात, वरून एकदा ढवळतात, आणि सकाळी आपण पुन्हा सुरू. हसताय? हसा, मीही हसलो होतो, मला वाटलं कुणाचा तरी वेंधळेपणा असेल.

वेंधळेपणा कसला, चांगलं डोकं लावून केलंय. ऐका, तुम्हाला दुसरं कुणी सांगणार नाही म्हणून सांगतो. कामावर दुखापत झाली, डॉक्टरने लिहून दिलं, जड काम नको. मग कंपनी हलकं काम देणार, त्याचा पगार कमी, आणि जो कमी पडतो त्यातला बराचसा विमेवाल्यांनी दर आठवड्याला भरून द्यायचा. इथवर ठीक. पण हलकं काम समोर असताना तुम्ही आपणहून सोडलंत, सही करून घरी गेलात, की विमेवाले म्हणणार, काम होतं की, बाईच उठून गेल्या. औषधपाणी, डॉक्टर चालू राहील, आठवड्याचे पैसे बंद. युनियनच्या वकिलाने मला दोनदा समजावलं हे, कारण पहिल्यांदा माझ्या अंगाचा इतका तिळपापड झाला की तो काय बोलतोय ते कानात शिरलंच नाही. म्हणजे ते आपल्याला काढणार नाहीत, काढलं तर त्यांच्या गळ्याशी येतं. ते आपल्याला नकोसं करून सोडणार. या खोलीचं दार काचेचं का आहे? आधी लाकडी होतं. येता-जाता अख्ख्या शॉपने बघावं म्हणून — हा बघा, इतकी वर्षं प्रेस चालवणारा गडी, वॉशर निवडतोय.

आणि दर सोमवारी आमचा सुपरवायझर येतो, गोडबोल्या — म्हणजे आम्ही म्हणतो, त्याच्या तोंडावर नाही. आत येत नाही, दारातच उभा राहतो. कसं काय, हात काय म्हणतोय, घरचे बरे ना, कंटाळा येत असेल ना हो इथे — असं साखर पेरत बोलतो, आणि काखेत तो कागद. राजीनाम्याचा. सगळं टाइप केलेलं, माझं नावसुद्धा, फक्त सही राहिलीय. मी म्हणतो, कंटाळा कसला साहेब, मजेत आहे, मला वॉशर फार आवडतात. त्याचं तोंड बघण्यासारखं होतं. त्या एका तोंडासाठी मी आठवडा काढतो, खोटं का बोलू.

ऐकताय तो ठोका? धप्प… धप्प… तो माझा प्रेस, पत्रा दाबायचं मशीन. माझा म्हणजे कंपनीचा, पण माझा. प्रेसच्या पुढे जाळी असते, ती खाली आल्याशिवाय ठोका पडायला नको, पण जाळी वरखाली होण्यात वेळ जातो, माल कमी निघतो, म्हणून याच गोडबोल्याने जाळीचं बटण तारेने बांधून ठेवलं होतं, म्हणजे जाळी वर असली तरी ठोका पडणार. एवढी ऑर्डर निघू दे, म्हणाला, मग सोडू. मी काय करायला हवं होतं? नाही म्हणायला हवं होतं, ते आता सगळेच सांगतात. हा बघा उजवा हात. ही तीन बोटं, दिसायला आहेत, पण मिटत नाहीत, एवढीच, याच्या पुढे नाही. चमचा धरता येतो, शर्टाची बटणं बायको लावते. आणि चौकशीला साहेब लोक आले तेव्हा ती तार गायब, जाळी कशी टकाटक खाली येतेय, आणि गोडबोल्या म्हणतो, फार गुणी माणूस हो, त्या दिवशी जरा लक्ष नसेल. लक्ष नसेल! दोन वर्षं झाली, ते वाक्य आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आणि मी सही करून जाऊ? त्याला पेढे वाटू का वरून?

बायको म्हणते जा. तिला मी सांगितलंच नव्हतं हे काम, घरी म्हणायचो तपासणीत टाकलंय, माल तपासतो, जबाबदारीचं काम आहे. एक दिवस डबा घरी विसरला, तो घेऊन ती आली, वॉचमनने सोडलं आत. मी मान वर केली तेव्हा ती त्या काचेपलीकडे उभी. किती वेळ उभी होती कोण जाणे. आत आली नाही, डबा दाराशी ठेवला आणि गेली. मी दिवसभर तयारी केली, ती काय बोलेल, मी काय बोलेन. घरी गेलो तर तिने माझं ताट वाढलं आणि धाकट्याचा अभ्यास घ्यायला बसली. दोन दिवसांनी तिचा भाऊ आला, माझा मेव्हणा, किल्ल्या बनवायचं दुकान आहे त्याचं. म्हणाला, दाजी, गल्ल्यावर बसा, गिऱ्हाईक बघा, एका हाताने जमेल तेवढं करा, मलाही भरवशाचं माणूस हवंय. चांगला आहे हो तो, दया करतोय असं वाटू दिलं नाही त्याने. मी म्हटलं, मी सोडून गेलो तर ते जिंकले. बायको म्हणाली, ते म्हणजे कोण? त्या ऑफिसात तुमचं नाव तरी घेतं का कुणी? नाव घेणारी माणसं इथे बसलीत, आणि तुम्ही जेवायला बसता तेव्हासुद्धा मनातल्या मनात तिकडे भांडत असता, ओठ हलतात तुमचे. मी ताटावरून उठलो. मुलगी धाकट्याला सांगत होती, बाबांना आता काही विचारू नकोस. हळू आवाजात सांगत होती, पण मला ऐकू आलं. तर ते जाऊ द्या. घरातलं काय सांगत बसलो तुम्हाला.

अहो — अहो ताई, सावकाश. डाव्या हाताने एवढं? अर्धी बादली संपवलीत की. पॅकिंगवाल्या तुम्ही, हाताला वेग असतो, मान्य, पण इथे नको. सावकाश करा. एक स्क्रू उचला, उजेडात धरून बघा, परत ठेवा, कुणी विचारत नाही. का म्हणजे? संपलं तर? माझं संपलं होतं एकदा, पहिल्याच महिन्यात. मीही असाच, काम दिलं की फडशा पाडायचा ही सवय. गोडबोल्या आला, बादलीत वाकून बघितलं, म्हणाला, वा, मग आता हलकं काम काही शिल्लक दिसत नाही, आता सगळं जडच, ते तुम्हाला झेपणार नाही, तेव्हा — आणि कागद पुढे केला. मी म्हटलं उद्या सांगतो. आणि त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर ओतली खोकी परत. सकाळी तो आला, बादली भरलेली, तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. कागद तसाच काखेत मारून गेला. तेव्हापासून रोज —

असं काय बघताय? हो, मीच. दुसरं कोण ओतणार, त्यांना एवढा वेळ आहे का? मघाशी मी काय म्हणालो, ओततात म्हणालो? म्हणालो असेन. घरीही तेच सांगितलंय. वकिलालाही तेच सांगणार होतो, पण त्याच्यापुढे तोंडातून खरं निघून गेलं, तर तो कपाळाला हात लावून म्हणाला, अहो, काम संपलं तर दुसरं काम आणणं ही त्यांची डोकेदुखी, तुमची नव्हे, तो तुम्हाला नुसता घाबरवत होता. कळलं मला. पण ते कळेपर्यंत सवय लागली होती. बादलीचा तळ दिसायला लागला की अजून हात आपोआप खोक्याकडे जातो, काय करू? कळून काय उपयोग? तुम्हाला वाटत असेल काय मूर्ख माणूस आहे. वाटू द्या. या हाताने दुसरं काही जमत नाही, एवढं ओतणं जमतं.

झाला भोंगा. चला, आणा तुमची खोकी इकडे, मी करतो, तुम्ही निघा, प्लास्टरच्या हाताने गर्दीत शिरू नका, जरा थांबून जा. काय? नको, तुम्ही नका, मी रोज करतो, मला — ताई. थांबा. ताई, थांबा म्हणतोय ना. ठेवा ते खोकं खाली. काठाला टेकवून ओतताय तुम्ही, आवाज होऊ नये म्हणून. ते कुणी शिकवलं तुम्हाला? मी तर सांगितलं नव्हतं. दाराकडे बघत बघत… मी असाच दिसतो? हाच माणूस बघितला बायकोने काचेतून?

पहिल्याच दिवशी, ताई. मला निदान महिना लागला होता.

नाही, तुमच्यावर नाही चिडलो. रडू नका, तुमच्यावर चिडलो नाही मी. सरका जरा. माझी पिशवी खुंटीला आहे, ती द्या. गोडबोल्या अजून ऑफिसात असेल, त्याने काखेतून काढायच्या आधी मीच मागणार तो कागद. जिंकू दे त्याला. आठवड्याचे पैसे जातील, माहीत आहे मला, दोनदा समजावलंय. आधी त्या तारेचं बोलणार त्याच्याशी, सगळ्या ऑफिसच्या देखत, दार उघडं ठेवून, आणि मग सही, डाव्या हाताने, वेडीवाकडी येईल तशी. तुम्ही मात्र करू नका सही. ऐकताय ना? हात बरा होईपर्यंत हलू नका इथून. वकिलाचा नंबर त्या कपाटाच्या दाराला आतून लिहिलाय, आजच लावा फोन. आणि उद्या हे भरभर संपवा, तळ दिसेपर्यंत संपवा, आणि तो आला की म्हणा, आणा आणखी. हे खोकं राहू दे, निवडलेलं राहू दे निवडलेलं.

नका, काही बोलू नका आता. तुम्ही काही बोललात तर मी परत बसेन. ती खुर्ची तिकडे ढकला आणि ही घ्या. हिचा पाय हलत नाही.