हत्ती शिंकायच्या आधी

धाकटी : मग टाकतेस ना माझ्या फोनवर? बॅगा दारात उभ्या आहेत आणि तू आपली नुसती 'बघू, बघू' करतेयस.

ताई : बघू म्हणजे ऐकू. दुसरं काय बघता येतं मला?

धाकटी : विषय बदलू नकोस. मला ती हत्तीची गोष्ट हवीय. मी वाचलेली, तू रेकॉर्ड केलेली, तुझी चिमणी मध्येमध्ये खिदळते ती. नवं गाव, नवी नोकरी, खोलीत मी एकटी. तेव्हा ऐकेन.

ताई : अजून काम चाललंय तिच्यावर. घासूनपुसून देते.

धाकटी : घासायचं काय त्यात? ती काय कढई आहे? सरक, मीच शोधते.

ताई : हात लावू नकोस! की-बोर्ड जरा हलला की मी पुन्हा पहिल्यापासून चाचपडत बसते.

धाकटी : बरं बाई, नाही लावत. पण ऐकव तरी. फोनवरून त्या मास्तरांकडे आवाज कापायची-जोडायची शिकवणी घेऊन लेकीच्या आवाजाचं काय केलंयस, ते मावशीला कळू दे.

ताई : ऐक मग. मागून बोलू नकोस.

(ताई हेडफोनची वायर उपसते. खोलीत तिचाच आवाज : "एक होता हत्ती. त्याला," मध्येच एक यांत्रिक आवाज, "रेकॉर्डिंग सुरू," पुन्हा ताईचा, "पडसं झालं होतं." लगेच चिमणीचं खळखळून हसू.)

धाकटी : अगं, हे मध्येच कोण कडमडलं?

ताई : ठमाबाई. पडद्यावर काय चाललंय ते मला वाचून दाखवते ना, ती कॉम्प्युटरमधली. मी हेडफोन न लावताच बोलायला बसले. माइकने तिलाही गोष्टीत घेतलं.

धाकटी : हत्तीच्या आजारपणाला पाहुणी! पण थांब... हा तर तुझा आवाज.

ताई : हो.

धाकटी : आणि हसू?

ताई : चिमणीचं.

धाकटी : ते कळतंय गं. पण हे माझ्या शिंकेवरचं हसू आहे. मी हत्तीसारखी शिंकले तेव्हा ती उशीवरून घरंगळली होती. शेवटी उचकी लागली. बघ, उचकीसुद्धा आहे.

ताई : तुला बरं सगळं पाठ.

धाकटी : ते कापून तुझ्या वाक्याला चिकटवलंस?

ताई : शिकत होते. बाणाची कळ थोडी थोडी पुढे सरकवत ऐकायचं, कुठे सुरू, कुठे संपलं. बोलण्यापेक्षा हसू शोधायला सोपं. म्हणून घेतलं.

धाकटी : सोपं म्हणून?

ताई : माझ्या गोष्टीला ती हसत नाही म्हणून.

धाकटी : काहीतरीच काय, ताई.

ताई : मी सांगायला बसले की विचारते, "चित्रात काय आहे?" काय सांगू? ते पुस्तक माझे डोळे गेल्यावर घरात आलं. तूच आणलंस. मग ती पुस्तक उचलते आणि "मावशी!" करत पळते. तेव्हा तिची पावलं कशी धडधडतात! माझ्याकडे येताना दबकत येते. "आईला धक्का लागेल, हळू जा." कुणी शिकवलं तिला?

धाकटी : तुझ्याच काळजीने शिकवलं ना?

ताई : माहीत आहे. म्हणून तर जास्त पोटात दुखतं. तू वाईट असतीस तर कडाकडा भांडून मोकळी झाले असते.

धाकटी : आणि माझ्या पोटात दुखत नाही? तिला ताप होता तेव्हा पट्ट्या मी ठेवल्या. आणि बाईसाहेबांचं आपलं "आई, आई". मी हात धरला तर झटकला. तुझी जुनी ओढणी उशाशी दिली तेव्हा कुठे झोपली. बोलले मी कधी?

ताई : म्हणजे आपण दोघी एकाच औषधाच्या रांगेत.

धाकटी : हसवू नकोस. मूळची दे मला.

ताई : हीच घेऊन जा ना. हत्ती तोच आहे.

धाकटी : ताई, मूळची आहे ना?

ताई : मास्तरांनी सुरुवातीलाच बजावलं होतं, मुळावर कात्री चालवायची नाही. आधी नक्कल काढायची.

धाकटी : काढलीस?

ताई : नाही. बंद करताना ठमाबाईने विचारलं, बदल साठवायचे का. मी 'हो' दाबलं.

धाकटी : चुकून?

ताई : मास्तरांना तसंच सांगितलंय.

धाकटी : आणि मला?

ताई : तुला काय सांगू? तुझं एकेक वाक्य पुसत गेले, तसं आधी बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. मग हसू तेवढं उरलं. पोर एकटीच हसतेय, समोर कुणी नाही. म्हणून मीच बोलायला बसले.

धाकटी : माझ्याजवळ तिचं तेवढंच होतं, ताई. तुझ्याजवळ अख्खी पोर आहे.

ताई : हं.

धाकटी : तिला ऐकवलंस हे तुझं?

ताई : सकाळी.

धाकटी : मग? फसली?

ताई : कसली फसते! म्हणाली, "आई, हत्ती अजून शिंकलाच नाही. मी कशाला हसते?"

धाकटी : असं म्हणाली?

ताई : मावशीवर गेलीय.

धाकटी : आता लोणी लावू नकोस. मी रागावलेली आहे.

ताई : राहा रागावलेली. पण पुस्तक घेऊन ये आणि इथे बस. हेडफोन मी घालते, म्हणजे ठमाबाई माझ्याच कानाशी पुटपुटेल. तू वाच. तुझ्यादेखत नक्कल काढते, आधी तुझ्या फोनवर.

धाकटी : चिमणी आता तशी हसणार नाही. शिंक कुठे येते ते तिला ठाऊक झालंय.

ताई : नाहीच हसणार. ते मी घालवलं. पण तू गेल्यावर ती झोपताना मावशी मागेल, तेव्हा मी काय देऊ तिला? ठमाबाई?

धाकटी : (पुस्तक घेऊन शेजारी बसत) रोज सोसवेल तुला? ती माझ्या आवाजाकडे तोंड करून झोपणार, आणि तू शेजारी नुसती बसून.

ताई : नाही सोसवणार.

धाकटी : मग गं?

ताई : रेकॉर्डिंग लावणारी तरी मी असेन. त्यात भागवून घेईन. वाच आता, सुरू झालंय.