रुखवतातली सायकल

भागिरथी : हे बघ शुभे, शेवया ठीव, कुरडया ठीव, ते लोकरीचं तोरन बी ठीव. पर लग्नात, विहारापुढं, चारचौघींच्या देखत रुखवतात सायकल मांडायची न्हाई. पाव्हनं पंक्चर काढायला येतील.

शुभांगी : येऊ देत. पंपपण ठेवते शेजारी.

भागिरथी : ऐकलं का वो? तुमची लेक काय म्हनती?

कोंडीराम : कान मोकळं हायेत. हात रंगात हायेत.

भागिरथी : तुमी ती सायकल रंगवाया बसलाय म्हनूनच तिला जोर आलाय. आवं, रुखवतात समदं नवं असतं. जुनं मांडलं की माहेरचं नाक जातं.

शुभांगी : जुनं काय आहे त्यात, दाखव बरं. चाकं शहाण्णवला बदलली. पायडल दोनदा. चेन, सीट, हँडल, पुढच्या चाकाचा चिमटा, सगळं नंतरचं. भिंगारच्या त्या मिलिटरी साहेबाच्या मुलाची म्हणून आणली, तेव्हाचा नुसता सांगाडा उरलाय.

कोंडीराम : सांगाडा मातर अस्सल. एकदाच पायडलापाशी चिरला हुता, त्यो बी म्या मागं उसाची मोळी लादली तवा. वेल्डिंग केलं. आता तितंच लई घट्ट हाय.

भागिरथी : सांगाड्याचं कवतिक ऱ्हाऊ द्या. अकरावीपासनं ही त्याच सायकलीवर उंडारती, हे सगळ्या बेलापुरात ठाऊक हाय. आनली तवा म्हाताऱ्या म्हनायच्या, फटफटीची जाड चाकं सायकलीला बसवली.

शुभांगी : त्याच चाकांवर मी काळ्या चिखलातनं कॉलेजला पोचायचे. बाकीच्या पोरी सायकल खांद्यावर घेऊन यायच्या. आणि आई, मला हौस म्हणून मांडायची नाही. लग्नानंतर बालवाडीतली नोकरी सोडणार नाही, हे मी सासरच्यांना आधीच सांगितलंय. पण त्यांच्या उक्कलगावहून बालवाडीला यायला सकाळची एस्टी नाही. सायकल नसेल तर नोकरी सुटली समज.

भागिरथी : मग गुमान ने की. रुखवतात कशापायी?

शुभांगी : नुसती दारात नेऊन लावली, तर दिवसा दीर नेणार, संध्याकाळी सासरे नेणार. रुखवतात मांडली की गावादेखत माझी. मग कुणी हात लावताना विचारेल तरी.

कोंडीराम : पोरगी वकील व्हायला पायजे हुती.

भागिरथी : बरं, नेलीस. चालवशील कशी? तुझा पंजाबी ड्रेस तितं चालनार न्हाई, सासूनं पयल्याच बैठकीत सांगितलंय. गोल साडीत त्या मधल्या दांडीवरनं टांग पल्याड जाती व्हय?

शुभांगी : मग तुझ्यासारखी नऊवारी नेसेन.

भागिरथी : नऊवारीत बी सोपं न्हाई. काष्टा घट्ट खोचावा लागतो, न्हाईतर चेनीत वढतो. डावा पाय पायडलावर ठिवून उजव्यानं दोन रेटे द्यायचे, मग टांग मागनं टाकायची. आन् नदीच्या चढाला सीटवर बसून उपेग न्हाई, गियर एकच हाय तिला, उभं ऱ्हाऊनच...

शुभांगी : आई.

भागिरथी : काय?

शुभांगी : हे तुला कसं माहीत?

(भागिरथी कुरडयांचा डबा उघडते आणि उगाच पुन्हा बंद करते.)

भागिरथी : बगून. माझं डोळं काय फुटलेत?

शुभांगी : मी काष्टा घालून कधी चालवली, तू बघायला?

भागिरथी : शेजारच्या बनुबाईनं सांगितलं.

कोंडीराम : बनुबाई बैलगाडीत बी डोळं मिटून बसती.

शुभांगी : म्हणजे दुपारी मी झोपले की... तरीच सकाळी सीट खाली गेलेली असायची. मी त्या सायकलवाल्याशी भांडले गं. बोल्ट बदलायला लावला त्याला.

कोंडीराम : होळीच्या टायमाला तुला ताप आल्ता बघ. तू आठवडाभर आंथरुनात, आन् पाटाच्या कडंला ओल्या मातीत जाड टायरची नक्षी. म्या म्हनलं, सायकल येकटीच पानी बगायला गेल्ती का काय.

भागिरथी : तुमाला ठाऊक हुतं? मग बोलला का न्हाई?

कोंडीराम : पडली असतीस तर बोललो असतो.

भागिरथी : पडले हुते की. दोनदा.

कोंडीराम : ते तू बोलली न्हाईस.

शुभांगी : पण जायचीस कुठे?

भागिरथी : कुटं न्हाई. पाटाच्या कडंकडंनं वरच्या पुलापत्तुर, आन् माघारी. लगीन झाल्यापासनं त्या वाटनं डोक्यावर काय न घेता मी कदी गेलेच नव्हते. भारा, पाटी, हंडा, कायतरी असायचंच. सायकलीवर डोकं रिकामं ऱ्हातं. लई बरं वाटायचं बाई.

शुभांगी : मग राहू दे इथंच. मी बघते दुसरं काहीतरी.

भागिरथी : काय बगशील? नोकरी सोडून भाकरी थापशील. ते काय न्हाई. मांड रुखवतात. मधोमध मांड, तोरन बी तिलाच बांध.

कोंडीराम : आदी रंग वाळू द्या. बोटं लावू नका.

शुभांगी : आणि तुझं काय?

भागिरथी : माझं काय? शनवारी तुला भेटायला येत जाईन. चालत.

शुभांगी : एवढ्या लांब चालत? आणि परत कशी जाशील?

भागिरथी : परत कशाला चालू? सायकल हाय की.

शुभांगी : आई, सोमवारी मला बालवाडी असते.

भागिरथी : व्हय तर. म्हनून ऐतवारी दुपारच्या एस्टीनं तुला ती न्यायला हितं यावं लागंल. दर ऐतवारी. सासूनं इचारलं तर सांग, नोकरीचं काम हाय.

कोंडीराम : मंजी लेकीला आनायला मुराळी धाडायची कटकट मिटली.

शुभांगी : आणि एखाद्या शनिवारी तुला जमलं नाही तर?

भागिरथी : न जमाया काय झालं? तू गेल्यावर या घरात मला काम तरी काय ऱ्हातंय?