सकाळी काय खाल्लं?

माननीय अध्यक्ष गोपाळराव काका, व्यासपीठावरच्या पाहुण्या कुसुमावती मावशी, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपल्या सगळ्यांचे मोठे भाऊ धीरज भिया, आपल्या बचाव पथकातले सगळे आणि समोर बसलेली देवासची मंडळी, सर्वांना किमयाचा नमस्कार.

भियांची बदली पीथमपूरला झाली आहे. त्यांच्याबद्दल चार गोड शब्द बोल, असं मला सांगण्यात आलं. गोड बोलणं मला जमत नाही. मी कारखान्यात प्रेशर गेज तपासते. म्हणून जे घडलं तेवढंच सांगते.

विहिरीत कोणी पडलं, कन्नौदच्या पुढे घाटात गाडी कोसळली, की हे पथक बिनपगारी दोर घेऊन उतरतं. ते दोर झिजले होते. नव्या दोरांसाठी मी हिमाचलातल्या अनेक दिवसांच्या डोंगरी शर्यतीत उतरले. शर्यत पूर्ण झाली तर देणगी, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कबूल केलं होतं. डोंगरावर माझ्या डोक्यात तेवढंच होतं.

पथकाची एक रीत आहे. दोरावर उतरलेल्याला 'ठीक आहेस ना?' असं कधीच विचारत नाहीत, कारण बुडणारासुद्धा 'हो' म्हणतो. विचारतात, सकाळी काय खाल्लं? गारठ्यानं डोकं चालेनासं झालं की उत्तर चुकतं. सरावात मी हरकत घेतली होती. अहो, माळव्यात हा काय प्रश्न झाला? इथे बेशुद्ध माणूसही पोहेच सांगेल आणि ते बरोबर निघेल. सगळे हसले. भिया म्हणाले, "मॅडम, आप इंजिनियर हो. पण प्रश्न हाच राहील."

शर्यतीला भिया माझ्याबरोबर आले होते आणि खालच्या तळावर वायरलेस घेऊन बसले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी तिथेच खाऊन मी निघाले. खिंडीजवळ धुकं उतरलं, मग बर्फाची भुरभुर. वाट दाखवणारे झेंडे दिसेनात. मला भीती वाटली नाही. उलट छान ऊब वाटत होती. रस्ता बरोबर आहे, असं मी वायरलेसवर खाली कळवलं.

त्यांनी विचारलं, "सबेरे कई खायो?"

"पोहे. वरून सेव."

त्यांचा आवाज लगेच आला.

"किमया, दलिया था. मैंने परोसा था. बैठ जा. एक पाऊल टाकू नको."

त्यांच्या तोंडचं 'मॅडम' सुटलं, तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मला रागच आला. शर्यत सुटली तर दोर कुठून येणार, म्हणून मी भांडले. ते एवढंच म्हणाले, "दोर का मैं देख लूँगा. तू बैठ."

मी बसले. माणसं पोहोचली तेव्हा माझे हात उघडे होते. हातमोजे मी काढून, घडी घालून पिशवीत ठेवले होते. कधी, ते मला आजही आठवत नाही.

बंद पडलेला गेज लगेच ओळखू येतो. पण ठामपणे चुकीचा आकडा दाखवतो, त्याचं काय करायचं? तेव्हा वाटली नाही ती भीती आता रोज सकाळी वाटते.

देणग्या तुम्ही तरीही दिल्यात. काका म्हणाले, "अर्ध्या शर्यतीचा अर्धा दोर घेऊन विहिरीत कोण उतरणार?" पुढच्या वर्षी मी पुन्हा जाणार आहे. खाली वायरलेसवर दुसरं कोणीतरी असेल. प्रश्न तेही विचारतील. पण मी 'पोहे' म्हटल्यावर त्यांना खरं वाटलं तर?

मघाशी माझं नाव पुकारलं, तेव्हा मी या पायऱ्यांऐवजी दाराकडेच निघाले होते. भियांनी हळूच तोच प्रश्न विचारला. मी नीट आठवून पाहिलं आणि म्हटलं, काहीच नाही.

"सही है," ते म्हणाले. "जा, बोल."

भिया, तुमचे आभार. संयोजकांचे आणि शांतपणे ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचेही. काही कमीजास्त बोलले असेन, तर उपाशी माणसाचं बोलणं म्हणून सोडून द्या.