तिसऱ्या बाकाचा गोंद

हॅलो?… कोण, चिमी? बरं झालं तूच केलास… हळू बोलतेय गं. तुझे दाजी शेजारी झोपलेत… शेजारी म्हणजे अगदी शेजारी. हाताला हात चिकटलाय… अगं, गोंदाने.

हसू नकोस. तू नर्स आहेस म्हणून विचारते, हाताला लागलेला गोंद कशाने सुटतो?… तो नळीतला, दोन सेकंदांत पकडणारा… त्यांचा उजवा आणि माझा डावा. तळव्याला तळवा. सकाळी साडेआठपासून.

कसं म्हणजे… चर्चमधल्या तिसऱ्या बाकाचा हात निखळला होता. सुतार घरचाच. उपासनेआधी चिकटवून टाकू म्हणाले. मला म्हणाले, इथे दाबून धर. मी धरलं. नळीचं तोंड वाळून बंद झालेलं, यांनी लावला जोर, आणि ती फुटली मागून. पुसावं म्हणून मी त्यांचा हात धरला… झालं. बाकाचा हात तसाच लोंबतोय, आमचे मात्र पक्के बसले.

हो, तोच बाक. तुझी लेक आणि तिचा बेकरीवाला हात धरून बसलेले तोच… हो, हो… अगं ऐक ना. त्यावरूनच तर सगळं. चर्चचे पंच झाल्यापासून यांना काहीतरी लिहायचंच होतं. दोन आठवडे बसून नियम लिहिलाय. चर्चच्या आवारात कुणी कुणाचा हात धरायचा नाही, खांद्यावर ठेवायचा नाही, नवरा-बायको असले तरी. मोडला तर लग्न इथे लागणार नाही, आणि मागचे गुन्हेही धरायचे. आज चार वाजता सभेत वाचायचाय. कागद खिशात आहे… ठाऊक आहे मला, लेकीच्या लग्नाच्या पत्रिका वाटून झाल्यात.

मी बोलले नाही असं वाटतं तुला? म्हणतात, प्रार्थना दार लावून करायला सांगितलीय, तशी प्रीतीही दार लावूनच. म्हटलं, प्रार्थना तर आपण माईक लावून करतो. आणि पवित्र शास्त्रातल्या प्रेषितांच्या पत्रांत एकमेकांना चुंबन घेऊन भेटा असं लिहिलंय, त्याचं काय? तर म्हणाले, ती त्या काळची रीत. म्हटलं, मग आपल्या काळची कुठली? तर रंधा घेऊन अंगणात गेले.

घरात?… घरात तसे प्रेमळ आहेत गं. माझा गुडघा कसा आहे विचारतात. फक्त आधी खिडकी लावतात… खोटं कशाला सांगू. तेहतीस वर्षं झाली. खिडकी लावायची, कडी घालायची, मग विचारायचं, दुखतोय का. परवा समोरची म्हणाली, तुमची भर दुपारी खिडकी लागते, मजा आहे बाई… हस, हस.

तुमच्याकडे कसं गं? तुझा नवरा चारचौघांत हात धरतो?… रस्ता ओलांडताना? तो धरतो की तू?… नाही, सहज. इतके तास हात धरून बसल्यावर माणसाला प्रश्न पडायला लागतात. यांच्या अंगठ्याखाली पटाशीचा एक जुना व्रण आहे. मला माहीतच नव्हता.

उपासनेत?… तेच सांगतेय. लोक यायला लागले आणि यांनी गोंदाचं कुणाला सांगितलंच नाही. सुतार स्वतःच चिकटला हे सांगायचं म्हणजे धंद्याची अब्रू. मान ताठ करून पहिल्या बाकावर बसले. आता नवा नियम येणार हे सगळ्यांना ठाऊक, पण कसला ते कुणालाच नाही. आणि पुढे हे असे, हातात हात… हो ना. लोकांना वाटलं, हाच नियम. पहिलं गीत संपेपर्यंत आख्ख्या चर्चने हात धरले. यांना विचारायची छाती कुणाची आहे? घड्याळवाला आणि त्याची बायको, दोन वर्षं मुलीमार्फत बोलतात, तीही दोघं हात धरून बसली. ती भिंतीकडे बघतेय, तो छताकडे, पण हात धरलेले. शिंपीणबाईंचा नवरा गेल्या वर्षी वारला ना, त्यांनी आपल्या पिशवीचा बंद धरला. मग पाळकबाई उठल्या आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. पाळकसाहेब वर व्यासपीठावर एकटे, हात कुठे ठेवावेत कळेना.

तुझी लेक ऑर्गनवर, तिचे दोन्ही हात कामात. बेकरीवाला मात्र घाबरून हाताची घडी घालून बसला होता. ज्याच्यासाठी नियम लिहिला, तेवढाच एक जण नियमात बसला बघ.

यांचं ऐक ना. निघताना दारात घड्याळवाला आला. म्हणाला, “बरं केलंत. मला आपणहून जमलं नसतं.” वाटभर हे खिशातला कागद चाचपत होते. घरीही तसेच आलो की, भर चौकातून.

बरं, सांग ना, कशाने सुटतो?… नेलपॉलिश काढायचं पाणी? आहे की. तुझ्या लेकीची बाटली राहिलीय कपाटात. किती वेळ लागेल?… पाच मिनिटं? एवढंच?… हो, मग चारच्या आत सुटेल… वाचतील, मग काय… बाटली सापडली नाही म्हणून सांगू? अगं, आज रविवार आहे. मी खोटं…

थांब. जागे आहेत… डोळे उघडे आहेत, केव्हापासून कोण जाणे. अहो, चिमी आहे. कपाटातल्या बाटलीने पाच मिनिटांत सुटेल म्हणते. आणू का?… थांब गं, काहीतरी म्हणतायत.

… गुडघा कसा आहे विचारतायत.

चिमे, खिडकी सताड उघडी आहे. समोरची कपडे वाळत घालतेय, इकडेच बघतेय… अहो, खिडकी लावू का?… राहू दे म्हणतायत.

अगं, थांब, खिशातला कागद काढला. डाव्या हाताने… पेन मागतायत. लिहायचा हात माझ्याकडे अडकलाय, तर तूच घे पेन म्हणतायत… काय करू हो?… सगळं? पहिल्या ओळीपासून?…

ठेवते गं. खोडायला माझा एकच हात मोकळा आहे, आणि त्यात तू आहेस.