माझ्या गाडीच्या छताला भोक

...आणि भोक कुठे पाडायचं म्हणतात हे, तर छताच्या बरोब्बर मध्ये. कोणाच्या छताच्या? माझ्या गाडीच्या. आता तुम्हीच सांगा, गाडी माझी आहे, चालवते मी, धुते मी, रोपवाटिका माझी, रोपं, कुंड्या, खताच्या गोण्या, सगळं त्या पिकअपमध्ये भरून घाट चढून वरच्या बंगल्यांना पोचवते मी, आणि आमच्या ह्यांचा त्या गाडीशी संबंध काय, तर कधीमधी शेजारी बसून "अगं, हळू" म्हणणं. ह्यांचं चष्म्याचं दुकान. दिवसभर लोकांना विचारायचं, "हे अक्षर दिसतं का? आता दिसतं का?" आणि संध्याकाळी घरी येऊन रेडिओवर जगाला विचारायचं, "माझा आवाज येतो का? आता येतो का?" हौशी रेडिओ म्हणतात त्याला. परीक्षा देऊन परवाना काढायचा आणि आपल्यासारख्याच दुसऱ्या परवानेवाल्याशी बोलायचं. काय बोलतात? "आपला आवाज स्वच्छ येतोय, इकडे हवा ढगाळ आहे, ओव्हर." इतक्या मायेने बोलतात हो हवेबद्दल... आणि घरात मी विचारलं, भाजीत मीठ बरोबर आहे का, तर "हं."

बरं, गच्चीभर तारा लावल्या, मी बोलले नाही. एकदा तारेवर चादर वाळत घातली तर डोंगरापलीकडच्या एका काकांचा ह्यांना फोन, आज तुमचा आवाज दबलाय, तब्येत बरी आहे ना? तेही सोसलं. पण गाडी? गाडी माझी आहे.

"घाटात फोनला रेंज नाही," हे म्हणाले. "तू एकटी असतेस. काही झालं तर कळवणार कशी?"

आता ह्यांना कसं सांगू, की रेंज नाही हीच तर त्या घाटाची मजा. पहिलं वळण घेतलं की फोन गप्प. गिऱ्हाईक गप्प, नणंद गप्प, "गॅस बंद केलास का" विचारणाऱ्या सासूबाई गप्प. खिडकीतून वारा, मागे झाडं डोलतायत, आणि मी. आठवड्यात तेवढाच वेळ मी कोणाचीच कोणी नसते. त्यात हे रेडिओ घालणार... पण चेहरा इतका काळजीचा केला होता, की म्हटलं, बसवा. भोक मात्र नको.

मग चुंबकाचं बूड असलेली अँटेना आणली. छताला चिकटते, भोकाबिकाची भानगड नाही. पहिल्याच दिवशी रोपवाटिकेच्या फाटकावरच्या फांदीने तिला अशी चापट मारली, की ती छतावरून घसरत गेली आणि वायरीला लोंबकळत राहिली, आणि छतावर हा एवढा ओरखडा. मी म्हटलं, असे रोज ओरखडे पडण्यापेक्षा पाडा ते भोक एकदाचं. ह्यांनी टेपने मोजलं, पेन्सिलीने खूण केली, पुन्हा मोजलं, ड्रिल उचललं आणि उभे. नुसते उभे.

"काय झालं?"

"जीव होत नाही गं. नवीन रंग आहे."

तुम्हाला सांगते, भोकाचा हट्ट ह्यांचा आणि जीवही ह्यांचाच होत नाही. मी ड्रिल घेतलं हातातून, आतलं अस्तर खाली सोडलं, आणि घेतलं पाडून. गाडी माझी आहे, भोक पाडायचं तर मीच पाडणार. असं गोल पडलंय म्हणून सांगू, रबर बसवलं, वर अँटेना बसवली, आजवर पाण्याचा थेंब आत आलेला नाही.

मग विजेचं. ह्यांनी रेडिओची वायर फोन चार्ज करतो त्या भोकात खुपसली. लागला रेडिओ. पण मी ॲक्सिलरेटर दाबला की आत कोणीतरी रडायला लागायचं. जोरात दाबला की जोरात रडायचं. गॅरेजवाला मिस्त्री म्हणाला, "वहिनी, हा गाडीच्या जनरेटरचा आवाज. थेट बॅटरीवरून वायर घ्या, दोन्ही तारांना फ्यूज लावा." हे म्हणाले, मी तेच म्हणत होतो. कधी म्हणत होते? असो. वायर बॅटरीवरून आली, रडणं बरंच थांबलं.

आता मी एक हिशेब केला होता. परवाना नाही त्याला रेडिओवर बोलता येत नाही. म्हणजे हे बोलणार आणि मी, नियमाला धरून, गप्प. शांतता शाबूत. हे मनात येऊन मी हसतेय तोवर ह्यांनी समोर पुस्तक ठेवलं, परीक्षेचं. आणि मला काय, पुस्तक हातात आलं की मागे हटणं माहीत नाही. पास झाले. ह्यांच्यापेक्षा चांगल्या मार्कांनी, हे मी कोणाला सांगत नाही, विचारलं तरच सांगते.

तर परवाना आला त्याच आठवड्यातली गोष्ट. मी झाडं भरून निघाले. हे आधीच स्कूटरवरून हातात धरायचा, वर अँटेना असलेला छोटा रेडिओ संच घेऊन घाटमाथ्याकडे गेलेले, माझी गाडी कुठवर ऐकू येते ते बघायला. पहिलं वळण आलं, फोन गप्प झाला, मी सुस्कारा सोडला, आणि रेडिओ म्हणाला, "नमस्कार. आपला आवाज स्वच्छ येतोय. ओव्हर." आपला? बायकोला आपला? पण म्हटलं, रीत आहे. प्रत्येक वळणावर विचारायचे, मी प्रत्येक वळणावर सांगायचे, आणि डोंगरापलीकडचे ते काका मध्येच, "वा, दोघांचाही छान येतोय."

आणि एका वळणानंतर ह्यांचा आवाज एकदम अर्ध्यावर आला. खरखर. "माझा आवाज... कसा येतोय? ओव्हर."

दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, डोंगर आडवा आला. पण मी पुस्तक वाचलेलं होतं. एकाची अँटेना उभी आणि दुसऱ्याची आडवी असली की आवाज असा पडतो. माझी तर छतावर ताठ उभी. म्हणजे ह्यांची आडवी. संच आडवा, म्हणजे तो धरणारा...

मी गाडी बाजूला घेतली. माइकचं बटण दाबलं. "अहो, तुम्ही उभे आहात की पडलात?"

मी आवाजाची कळ पूर्ण फिरवली.

"जरासा पडलोय. ओव्हर."

"जरासा म्हणजे किती?"

"स्कूटरच्या खाली आहे. पाय निघत नाही. काका ऐकतायत, तू ओरडू नकोस. ओव्हर."

मी ओरडले नाही हो. गाडी अशी काढली वर, की कुंड्या ऐकू येत होत्या. खडी सांडलेल्या वळणावर हे सापडले, चेहरा पांढराफटक, एक पाय स्कूटरखाली आणि हातात संच, तोंडाशी. मी स्कूटर उचलली, माझ्या पाठीला काय झालं ते नंतर बघू म्हटलं. ह्यांनी माझा हात धरला आणि सोडेचनात. "तू ओळखलंस कसं?" एवढंच विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा "हं" सोडून काहीतरी. मला रडू येत होतं म्हणून मी म्हटलं, नंतर सांगते, आधी चढा. मागे झाडांमध्ये आडवं केलं, खताच्या गोणीची उशी दिली. दवाखान्याच्या पोर्चमध्ये शिरताना मागून आवाज, "अगं, अँटेना लागेल, हळू."

हाड मोडलंय. प्लास्टर आहे. जुळेल म्हणाले डॉक्टर. हे आता दिवसभर घरच्या रेडिओसमोर पाय वर करून बसलेले असतात आणि मी घाटात असले की प्रत्येक वळणाला, "आपण कुठवर आलात? ओव्हर." गाडी माझी आहे, पण आत आता दोघं असतो. चालायचंच. त्या दिवशी तो आवाज आला नसता तर... जाऊ दे.

पण काल सासूबाई स्वयंपाकघरात आल्या. त्या दिवशी काकांनी घरी फोन करून सांगितलं होतं, "तुमचा मुलगा आडवा आहे, पण सूनबाई पोचतायत," आणि तेव्हापासून त्या गप्पगप्प होत्या. मला वाटलं, धसका घेतलाय. म्हणाल्या, "त्या रेडिओवर परवान्याशिवाय बोलता येत नाही म्हणे?"

म्हटलं, "नाही."

म्हणाल्या, "ते पुस्तक आण इकडे."

आणि त्या पास होणार हो. कालपासून चष्मा लावून बसल्यात, जेवायलासुद्धा उठल्या नाहीत.