पिवळ्या फोल्डरमधले पाच स्टेमपास

नाव : धम्मपाल बबन वानखेडे. वय : ४३ वर्षे. धंदा : सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी. राहणार : हूफडॉर्प, नेदरलँड्स. मूळ गाव : वाशिम.

पोलिस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून दुभाष्यामार्फत सांगतो की, मी वरील ठिकाणी पत्नी प्रांजली व मुलगी समता, वय १३, यांच्यासह नऊ वर्षांपासून राहतो.

उद्या, १८ मार्च २०२६ रोजी, नगरपालिकेची निवडणूक आहे. आमच्यातले रवींद्र कांबळे उभे आहेत. रविवारी बुद्धवंदनेनंतर मी पाच जणांकडून त्यांचे स्टेमपास, म्हणजे मतदानासाठी घरी येणारी पत्रे, मागून घेतले. पासांच्या मागे त्यांच्या सह्या घेतल्या. त्यांच्या वतीने मत कोण देणार, ती जागा कोरी ठेवली. रवींद्र यांना यातले काहीच माहीत नाही. वाशिमला मी बूथवर काम करायचो, घरोघर चिठ्ठ्या वाटायचो. आळसापायी आपली मते वाया जाऊ नयेत, एवढाच विचार होता. दुसऱ्याच्या वतीने मत देता येते, हे मी वाचले होते. असे पास मागत फिरणे गुन्हा आहे, ही पुढची ओळ वाचली नाही. सगळ्यांचे अर्ज भरून देणारा माणूस मी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पाचांतला एक पास कांताबाई इंगोले, वय ६८, यांचा आहे. त्या म्हणाल्या, "भाऊ, माझं मी जाऊन देते की. आजवर एक मत चुकवलं नाही." मी म्हणालो, "मावशी, कशाला बसची दगदग? आम्ही आहोत ना." त्यांनी सही केली. माझ्याकडे पाहिले नाही.

पास मी टेबलावरच्या पिवळ्या फोल्डरमध्ये ठेवले. तो समताचा निघाला. आज शाळेत तिला बोलायचे होते. बाईंनी चिठ्ठी काढून दिलेला विषय : अमेरिकेतल्या आयोवा राज्याची १९०८ सालची सिनेट निवडणूक. तेव्हा सिनेटर जनता नव्हे, राज्याचे आमदार निवडत. आपले मत दुसऱ्याने का द्यायचे, म्हणून लोक चिडले, हे जेवताना मीच तिला समजावले होते. साडेदहाला वर्गात तिने फोल्डर उघडला आणि पास खाली पडले. बाईंनी विचारले, कोणाचे? ती म्हणाली, बाबांनी गोळा केलेत. शाळेने पोलिसांना कळवले.

आमचा नागरिकत्वाचा अर्ज चालू आहे. त्याचे काय होईल, याची मला भीती वाटते. समता दुपारपासून इथे ठाण्यात बाहेर बाकावर बसून आहे, जेवलेली नाही. "बाबा, इज इट बिकॉज ऑफ मी?" असे तिने एकदाच विचारले. मला राग आला होता. मी उत्तर दिले नाही.

कांताबाईंचा पास उद्या सकाळपूर्वी त्यांना परत मिळावा.

हा जबाब दुभाष्याने मला मराठीत वाचून दाखवला. मी सांगितला तसाच लिहिला आहे, माझ्यावर कोणाचा दबाव नाही. समता खरे बोलली, तिची काही चूक नाही, एवढी ओळ बाहेर तिला डचमध्ये वाचून दाखवावी. मी सांगितले तर तिला पटणार नाही.